कोरीव फोमवर लेप: पहिला थर बिघडला की सगळं बिघडतं

कोरून झालं की रंग मारायची घाई होते, आणि काम बहुतेक वेळा तिथेच फसतं. आधी हातातला फोम कोणता ते ओळखा. थर्माकोल आणि एक्सपीएसच्या (थर्माकोलपेक्षा घट्ट, बारीक पोताचा फोम) रंगीत शीट ही दोन्ही पॉलिस्टायरीन या प्लॅस्टिकचीच. थिनर, अ‍ॅसिटोन यांत ती विरघळतात. स्प्रे पेंटच्या बहुतेक डब्यांतही असलेच द्रावक असतात. पॉलिएस्टर रेझिनमधलं स्टायरीन हे द्रावक हा फोम खातं, इपॉक्सी (हार्डनर मिसळून घट्ट होणारं रेझिन) खात नाही. कडक पीयू (पॉलियुरेथेन) फोमवर मात्र पॉलिएस्टर चालतं. खात्री नसेल तर कापून उरलेल्या तुकड्यावर लावा आणि दुसऱ्या दिवशी बघा.

गरम तारेने कापलेल्या भागावर गुळगुळीत, चकचकीत कातडी येते. तिच्यावर लेप धरत नाही. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने ती खरवडून काढा. भुसा व्हॅक्यूमने काढायचा, तोंडावर मास्क हवाच.

घरात राहणाऱ्या वस्तूला पांढरा गोंद आणि सुती कापड पुरतं. तीन भाग गोंदात एक भाग पाणी घालून त्यात पातळ मलमलीच्या पट्ट्या भिजवा आणि एकमेकींवर दोन सेंमी चढवत बसवा. गोलाईवर पट्टी तिरकी कापलेली असेल तर चुणी पडत नाही. दोन थर बास. ओल फोममधून मागे जात नाही, फक्त वरून सुटते, त्यामुळे खोलगट जागा फार उशिरा वाळतात. गाल टेकवून पाहा: थंड लागलं तर आत ओल आहे. त्यावर रंग चढवला तर फोड येणारच. हा गोंद पाण्याने पुन्हा मऊ होतो, म्हणून पावसात ठेवायच्या कामाला तो वापरू नका.

बाहेरच्या कामाला इपॉक्सी. मिश्रणाचं प्रमाण डब्यावर लिहिलेलंच पाळा आणि ते वजनाचं आहे की मापाचं, तेही वाचा. हार्डनर जास्त घातल्याने काम लवकर होत नाही, थर चिकट राहतो. ढवळलेलं मिश्रण मगात ठेवलं तर तापतं. लगेच पसरट ताटात ओता. खळग्यात साचू देऊ नका, तिथल्या उष्णतेने खालचा फोम बसतो. पहिला हात पातळ, त्यावर काचेचं कापड, मग मायक्रोबलून (बारीक पोकळ गोळ्यांची हलकी पूड) मिसळलेला घट्ट हात. वाळल्यावर तेलकट पापुद्रा दिसला तर घासण्याआधी पाण्याने धुवा, नाहीतर पुढचा थर सुटतो. मग ८०, १२०, २२० नंबरच्या पॉलिश पेपरने क्रमाने घासा.

रंगमंचावरच्या वस्तूला अग्निरोधक लेप वेगळा लागतो. इपॉक्सी किंवा गोंद फोमला आगीपासून वाचवत नाही.

रंगाआधी बाजूने टॉर्च मारून सुईएवढी भोकं शोधा आणि पुटीने बुजवा. भोकातून स्प्रेचं द्रावक आत गेलं तर वरचं कवच जसंच्या तसं दिसतं आणि खाली पोकळी होते. संशय आला तर बोटाने ठोका. आवाज पोकळ आला तर तेवढा भाग कापून काढा, तुकडा बसवा आणि लेप पहिल्यापासून चढवा.