मॅग्नेट बघून भुलू नका : घरच्या घरी चांगला स्पीकर कसा बांधायचा

माझ्या पहिल्या वूफरवर (खालचा, जाड आवाज काढणारा स्पीकर) सोनेरी स्टिकर होतं, ६०० वॅट. मागं मॅग्नेट असलं जाडजूड की बघूनच मी खिशात हात घातला. परभणीत आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळासाठी स्पीकरचे डबे बांधायचे होते, बांधले, अन् दोन महिन्यात पखवाजाच्या डाव्या थापेला घरघर यायला लागली. खोलून बघितलं तर मागचं रबरी टोपण हातात आलं अन् आत मॅग्नेट केवढं, तर चटणीच्या वाटीएवढं. आता बरेच पोरं स्पीकर कसा बांधायचा म्हणून विचारायलेत, त्यांना एकच सांगणं आहे, डबा कोणीपण बांधतो, पैसे अन् डोकं ड्रायव्हर, म्हणजे डब्यात बसवायचा उघडा स्पीकर, निवडताना लावा.

तर आधी दुकानात. ड्रायव्हर उलटा करा अन् टोपण असेल तर काढून दाखवा म्हणा, काढू देत नसेल तर दुसरं दुकान. मग फ्रेम बघा. ओतीव ॲल्युमिनियमची असेल तर उत्तमच, पण पत्र्याची म्हणजे वाईट असं काही नाही, फक्त दोन हातांनी धरून हलका पीळ दिल्यावर ती वाकायला नको, कारण फ्रेम वाकली की कॉईल, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, वाकड्यात जाते अन् घासते. मॅग्नेटच्या वजनावर फार जाऊ नका. कॉईल ज्या फटीत हलते तो गॅप किती बारीक अन् किती नीट कापलाय यावर सगळं असतं, आणि निओडायमियम असेल तर इवलंसं मॅग्नेटसुद्धा भारी काम करतं.

खरी परीक्षा कॉईलची. कोनच्या, म्हणजे समोरच्या हलणाऱ्या शंकूच्या, मागं ती पिवळी, लाटालाटांची कापडी चकती असते ना, तिला स्पायडर म्हणतात. चांगल्या ड्रायव्हरला तिच्या खाली फ्रेममध्ये खिडक्या सोडलेल्या असतात, हवा खेळावी म्हणून. तिथून मोबाईलचा टॉर्च मारा. कॉईल ज्या नळीवर गुंडाळलेली असते ती दिसेल, चांदीसारखी असेल तर ॲल्युमिनियम, मधासारखी तांबूस पारदर्शक असेल तर कॅप्टॉन नावाचं उष्णता सोसणारं प्लास्टिक, अन् मळकट खाकी असेल तर कागद. कागदी नळी कमी पॉवरला चालते, जास्त तापली की जळते. आणि तापणार तर आहेच, स्पीकरला दिलेल्या पॉवरपैकी शंभरातला जेमतेम एक भाग आवाज होतो, बाकी सगळी उष्णता. त्यात आपल्याकडं मे महिन्यात पत्र्याखाली कार्यक्रम, म्हणजे बघायलाच नको. साडेसहा इंची वूफरला २५ मिमीची कॉईल घरात पुरते, मंडळासाठी ३८ मिमीची मिळाली तर तीच घ्या.

आता दोन्ही हातांची बोटं कोनवर मधल्या टोपीपासून सारख्या अंतरावर ठेवा अन् कोन सरळ आत दाबा, कान जवळ न्या. कोऱ्या वहीचं पान सरकल्यासारखा जरा जरी खर्र आवाज आला तर परत द्या, घासाघीस करत बसू नका. ट्वीटरच्या (वरचे, बारीक सूर काढणारा छोटा स्पीकर) डोमला मात्र हात लावायचा नाही, तो तिथंच बसतो. कडेची गोल पट्टी रबराची असेल तर वर्षानुवर्षं जाते, फोमची काही वर्षात भुगा होते. आणि विणलेल्या केव्हलर धाग्यासारखी दिसणारी कोन कधीकधी निस्ती छापलेली असते, साधी कागदाची कोन तिच्यापेक्षा कितीतरी बरी.

मल्टिमीटर सोबत न्या. ८ ओहमचा ड्रायव्हर मीटरवर साडेपाच ते सात ओहम दाखवतो, ते बरोबरच आहे. कोन हळू हलवताना आकडा उड्या मारायला लागला तर कॉईलकडं जाणारी वेणीची तार तुटायलीय. पेन्सिल सेलचा प्लस टोक प्लसला क्षणभर टेकवा, कोन बाहेर आली पाहिजे.

घरी आल्यावर रेझोनन्स, म्हणजे कोन ज्या फ्रिक्वेन्सीला आपसूक सगळ्यात सहज हलते ती, मोजायचा. मोबाईलवर टोन जनरेटरचं ॲप, तिथून अ‍ॅम्प, अ‍ॅम्पच्या आउटपुटला १०० ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये लावून ड्रायव्हर जोडा, आवाज बारीक ठेवा, मीटर एसी व्होल्टवर ड्रायव्हरच्या दोन टोकांना. २० हर्ट्झपासून हळूहळू वर चढत जा, जिथं व्होल्टेज सगळ्यात जास्त ती फ्रिक्वेन्सी म्हणजे एफएस. नंतर तोच ड्रायव्हर १० लिटरच्या बंद डब्यावर घट्ट बसवून परत मोजा. समजा मोकळ्यात ५० आली अन् डब्यावर ८७, तर ८७ भागिले ५० म्हणजे १.७४, त्याचा वर्ग ३ च्या आसपास, त्यातून १ वजा करून १० नं गुणा, २० लिटर. हा झाला व्हीएएस, म्हणजे कोनच्या टांगणीएवढीच लवचिक असलेली हवा किती लिटर. हे गणित ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये मांडलं अन् १९७० च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी पुढं नेलं, म्हणून त्याला थील-स्मॉल म्हणतात. क्यूटीएस, म्हणजे हललेली कोन किती लवकर थांबते त्याचा आकडा, कंपनीच्या डेटाशीटमधून घ्या. डेटाशीटच नसलेला ड्रायव्हर मी आता घेत नाही.

बंद डबाच बांधा, पोर्टवाल्या, म्हणजे हवेला भोक ठेवलेल्या डब्याच्या नादी पहिल्यांदा लागू नका, ट्यूनिंग चुकलं की प्रत्येक गाण्याला तोच एक भोंगा वाजतो. बंद डब्यात बसवल्यावर हा आकडा वाढतो, सपाट आवाजासाठी तो ०.७०७ धरतात. क्यूटीएस ०.४ असेल तर ०.७०७ भागिले ०.४, त्याचा वर्ग ३.१२, वजा १, उरले २.१२, अन् २० लिटरला २.१२ नं भागलं की साधारण साडेनऊ लिटर. क्यूटीएस मुळातच ०.७ च्या वर असेल तर बंद डबा त्याचं काही भलं करू शकत नाही.

१८ मिमी प्लाय घ्या. आतलं माप १८ सेंमी रुंद, ३० उंच, १९ खोल, म्हणजे सव्वादहा लिटर, ड्रायव्हर अन् क्रॉसओव्हर (वूफर अन् ट्वीटरला आपापले सूर वाटून देणारं सर्किट) जागा खातात ती धरून बरोबर बसतं. मिस्त्रीला तीनतीनदा सांगा की माप आतलं आहे, नाहीतर ते बाहेरून धरतात अन् डबा निम्मा होतो, माझा झालेला आहे. सांध्यांना लाकडाचा गोंद हात आखडता न घेता लावा, मध्ये एक आडवी पट्टी द्या. आत भरायला कापूस? आपला भाग कापसाचा म्हणून मी पण घरचाच भरला होता, तो चार महिन्यात खाली बसला अन् वर मोकळं. उशीतला पॉलिस्टर फायबर मोकळा करून भरा.

क्रॉसओव्हरशिवाय ट्वीटर लावला तर पहिल्याच तानेला जातो. ८ ओहम अन् ३००० हर्ट्झसाठी सुरुवातीला ३.३ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर अन् ०.८५ मिलिहेन्रीची कॉईल. ट्वीटरला कॅपॅसिटर सिरीजमध्ये अन् कॉईल पॅरलल, वूफरला उलटं. या जोडणीत ट्वीटरची प्लस-मायनस उलटी लावायची असते, चुकून नाही, मुद्दाम. ड्रायव्हर काही प्रत्येक फ्रिक्वेन्सीला ८ ओहम नसतो, त्यामुळं हे आकडे शेवटचे नाहीत, ऐकून इकडंतिकडं करावं लागतं.

बांधून झालं की वूफर हळूच आत दाबून थोडा वेळ धरा अन् सोडा, बंद डब्यात कोन सावकाश परत येते, चटकन आली तर कुठंतरी हवा गळत असू शकते. मग ४० हर्ट्झचा टोन मध्यम आवाजात लावा अन् पेटलेली उदबत्ती सांध्यांवरून फिरवा, जिथं धूर थरथरला तिथं गोंद.

आणि हो, उघडा ड्रायव्हर वेल्डिंगच्या दुकानात टेबलावर ठेवू नका, लोखंडाचा कीस गॅपमध्ये गेला की काढता येत नाही. तो ६०० वॅटवाला अजून आहे माझ्याकडं, त्याचं मॅग्नेट काढून खाली सांडलेले स्क्रू गोळा करायला वापरायलोय.