नोकरी सोडून कोल्हापुरात एआयचे क्लास काढताय? या चुका टाळा

पुण्यातली आयटीची नोकरी सोडून गावी यायचं आणि एआय शिकवणारी कंपनी काढायची, हा विचार मला मनापासून पटतो. कोल्हापूरला अशा माणसांची गरज आहे. पण काही चुकांनी चांगली सुरुवात अडते.

पहिली चूक राजीनाम्याच्या घाईची. नोकरी संपली की कंपनीचा ग्रुप मेडिक्लेमही संपतो. आईवडिलांना शुगर, बीपी असेल तर नव्या पॉलिसीत जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून स्वतःची पॉलिसी पगार चालू असतानाच काढा. सलग पाच वर्षं भरत आली असतील तर तेवढं थांबा, ग्रॅच्युइटी हातची घालवू नका. नेमणूकपत्रही नीट वाचा: नोकरीत असताना तयार केलेल्या साहित्यावर कंपनी हक्क सांगू शकते.

डेमोला हॉल भरतो, पण प्रवेश होत नाहीत? ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते आणि लोक लगेच फी कमी करतात. दोष बहुतेक वेळा फीचा नसतो, अभ्यासक्रमाचा असतो. पायथन आणि न्यूरल नेटवर्कने सुरू होणारा कोर्स उद्यमनगरातल्या कारखानदाराच्या काय कामाचा?

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एखाद्या फौंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) आधी दिवसभर बसा. कास्टिंगमध्ये ब्लो होल (वायूमुळे पडलेली पोकळी) निघाले, माल परत आला, की गिऱ्हाईक इंग्रजीत 8डी रिपोर्ट मागतं, म्हणजे दोष का आला आणि पुन्हा येऊ नये म्हणून काय केलं याचा ठरावीक नमुन्यातला अहवाल. साच्याच्या वाळूत ओल जास्त होती हे सुपरवायझरला पक्कं ठाऊक असतं, पण ते इंग्रजीत मांडण्यात त्याचा अर्धा दिवस जातो. त्याने मराठीत सांगावं आणि एआयने मसुदा करावा, हा तुमचा पहिला धडा. दुसरा धडा त्याहून महत्त्वाचा: तोच एआय न घडलेलं कारणही ठामपणे लिहून देतो, त्यामुळे प्रत्येक ओळ वाळूच्या टेस्टच्या नोंदीशी ताडून बघायची. आणि गिऱ्हाईकाचं ड्रॉइंग फुकटच्या टूलवर टाकायचं नाही, हे पहिल्याच तासाला बजावा. एवढं जमलं की तोच माणूस शेजारच्या कारखान्यातली चार माणसं घेऊन येतो.

हिशेबातल्या चुका पुढे महागात पडतात. खासगी क्लासच्या फीवर 18 टक्के जीएसटी लागतो आणि सेवेची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या वर गेली की नोंदणी सक्तीची होते. फी ठरवतानाच हे धरा. स्वतःचं ॲप करणार असाल तर चाचणी मराठी मजकुरावर घ्या. एआय मजकुराचे छोटे तुकडे करतो, त्यांना टोकन म्हणतात आणि बिल त्यांवर ठरतं. देवनागरीला इंग्रजीपेक्षा टोकन साधारणपणे जास्त लागतात, म्हणून इंग्रजीवर काढलेला खर्चाचा अंदाज कोलमडतो.

शाळकरी मुलांची बॅच घेणार असाल तर 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा वाचा. त्यात 18 वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती घेण्याची तरतूद आहे. प्रवेश अर्जावरच ती रीतसर घ्या, व्हॉट्सॲपवरच्या ‘ओके’वर भागवू नका.