ग्रहीय तेजोमेघ समजून घेताना या चुका टाळा

‘तारा फुटला आणि तेजोमेघ तयार झाला’ हे वाक्य आकाशदर्शनाच्या कार्यक्रमांत हमखास ऐकू येते आणि सर्वाधिक गैरसमज त्यातूनच पसरतात. सूर्याच्या सुमारे आठपटीपर्यंत वस्तुमान असलेला तारा असा फुटत नाही. तांबडा राक्षसी तारा झाल्यावर तो आपले बाह्य थर सेकंदाला दहा-पंधरा किलोमीटरच्या संथ वाऱ्याने सोडत राहतो. पुढे उघड्या पडलेल्या तप्त गाभ्यातून सेकंदाला हजार किलोमीटरहून वेगवान, पण विरळ वारा सुटतो आणि आधीच्या वायूला रेटून त्याचे दाट कवच घडवतो. गाभा २५-३० हजार अंशांपलीकडे तापला की त्याच्या अतिनील किरणांनी हे कवच उजळते; यालाच ग्रहीय तेजोमेघ म्हणतात.

एका विज्ञान प्रदर्शनात एका विद्यार्थिनीने स्वरमंडळातला एम ५७ हा ग्रहीय तेजोमेघ आणि वृषभेतला क्रॅब तेजोमेघ यांची छायाचित्रे शेजारी चिकटवून दोन्हींखाली ‘ताऱ्याचा स्फोट’ असे लिहिले होते आणि परीक्षकांनी ते तसेच मान्यही केले होते. मी पेन्सिलीने पहिल्याखाली ‘सेकंदाला २०-३० किमी’ आणि दुसऱ्याखाली, म्हणजे खरोखर फुटलेल्या ताऱ्याच्या अवशेषाखाली, ‘सुमारे १,५०० किमी’ असे वायूच्या प्रसरणाचे वेग लिहिले. क्षणभर पाहून तिनेच विचारले, “सर, मग हा पहिला फुटलाच नाही का?” कोणताही तेजोमेघ समोर आला की मी आधी वेग पाहतो, चित्र नंतर.

दुसरी चूक एम ५७ला सपाट कडे समजण्याची. हबल दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून २०१३ मध्ये स्पष्ट झाले, की तो जाड मेदूवड्यासारखा पट्टा असून त्याच्या पोकळीतून विरळ वायूचा लांबट फुगवटा आपल्या दिशेने आणि उलट दिशेने बाहेर आला आहे. आपण त्याच्याकडे जवळजवळ ध्रुवाकडून पाहतो, म्हणून कडे दिसते. एकाच छायाचित्रावरून आकार ठरवण्याची घाई नवशिक्यांनी सोडावी. वर्णपटातून वायूचे वेग मोजल्याशिवाय खोली कळत नाही.

नावात ‘ग्रहीय’ असले तरी या तेजोमेघांतून ग्रह बनतात, असे समजू नये. दहा-वीस हजार वर्षांत हा वायू अवकाशात विरून जातो.

छायाचित्रातले रंग दुर्बिणीत शोधू नयेत. डोळ्याला फार तर हिरवट करडी छटा दिसते. ती प्रामुख्याने दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची असते, हे १९२७ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ आयरा बोवेन यांनी दाखवले.

एम ५७चा मध्यवर्ती तारा जवळजवळ सोळाव्या प्रतीचा, म्हणजे अतिशय अंधुक आहे (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा अंधुक). सहा इंची दुर्बिणीतून तो दिसल्याचे सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही.