स्टॅबिलायझेशन चालू असूनही फोटो हललेला येतो? या चुका टाळा

लेन्सवरचं स्टॅबिलायझेशनचं बटण चालू आहे, खोक्यावर पाच स्टॉपचा फायदा (एक स्टॉप म्हणजे शटर दुप्पट वेळ उघडं ठेवता येणं) छापलेला आहे, तरीही फोटो मोठा करून पाहिला की पापण्या, केस, कापडाची वीण सगळं पुसट. मग लेन्स दुरुस्तीला टाकायची भाषा सुरू होते. बहुतेक वेळा लेन्स ठणठणीत असते. आयएस, व्हीआर, ओएसएस, व्हीसी ही कंपन्यांची वेगवेगळी नावं, पण काम सगळ्यांचं एकच: हाताचा कंप जायरो सेन्सरने मोजायचा आणि लेन्समधली काच किंवा कॅमेऱ्यातला सेन्सर उलट दिशेला सरकवायचा. मोजली जाते ती फक्त कॅमेऱ्याची हालचाल. समोरचा माणूस हलतोय हे या यंत्रणेला कळतच नाही, आणि सगळ्यात जास्त फोटो इथेच वाया जातात.

ठरलेला प्रसंग असा. रंगमंचावर नृत्य, उजेड बेताचा, हातात ७०-२०० ची लेन्स, तीही २०० एमएमला ताणलेली. हातात धरून फोटो काढायचा जुना हिशेब असा की शटरचा वेळ सेकंदात एक भागिले फोकल लेन्थ (लेन्सचा एमएममधला आकडा), म्हणजे इथे निदान १/२०० हवा. स्टॅबिलायझेशन चार स्टॉपचं, म्हणजे १/१००, १/५०, १/२५, १/१३. गणित चोख आहे. आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) वाढवला की फोटोत दाणे येतात, म्हणून तो वाढवायला मन धजत नाही, आणि नवखा फोटोग्राफर १/१५ वर थांबतो. मागच्या छोट्या स्क्रीनवर सगळे फोटो छान दिसतात. घरी शंभर टक्क्यांवर पाहिलं की मागच्या पडद्याच्या शिवणीचा टाका न् टाका मोजता येतो आणि नर्तकीच्या बोटांच्या जागी फिकट पट्टा असतो. स्टॅबिलायझेशनने आपलं काम केलं, म्हणून तर पडदा इतका स्पष्ट आला. पण सेकंदाला एक मीटर वेगाने फिरणारा हात १/१५ सेकंदात साडेसहा सेंटीमीटरहून जास्त सरकतो. तोच १/५०० ला फक्त दोन मिलिमीटर सरकतो. कार्यक्रम काही पुन्हा होत नाही, आणि असे शेकडो फोटो एका संध्याकाळीत जातात.

म्हणून शटर ठरवायचं ते समोरच्याकडे बघून. शांत बसलेल्या माणसाला १/१२५, चालणाऱ्याला १/२५०, पळणाऱ्या मुलांना किंवा नाचाला १/५००, उडत्या पक्ष्याला १/२००० च्या आसपास. उजेड कमी पडला तर आयएसओ ३२००, ६४०० बिनधास्त लावा. दाणे सॉफ्टवेअरमध्ये बऱ्यापैकी कमी होतात, हललेली बोटं परत येत नाहीत. ऑटो आयएसओ वापरत असाल तर मेनूमध्ये किमान शटर स्पीड स्वतः भरून ठेवा. तो ऑटोवर सोडला तर बरेच कॅमेरे लेन्सची फोकल लेन्थ बघून आकडा निवडतात, समोर कोण पळतंय हे बघून नाही. खोक्यावरचा स्टॉपचा आकडा स्थिर वस्तूंसाठी असतो: इमारती, मूर्ती, देखावे, संग्रहालयातल्या वस्तू. तिथे मात्र त्याचा पुरेपूर फायदा घ्या.

दोष कुणाचा, हे फोटोच सांगतो. दूरच्या दिव्यांचे ठिपके सगळीकडे एकाच दिशेला ओढल्यासारखे दिसले तर कॅमेरा हलला. मध्यभाग ठीक आणि कोपऱ्यांत कमानीसारखं ओघळलं असेल तर कॅमेरा गोल फिरला, म्हणजे बटण जोरात दाबलं. पार्श्वभूमी स्पष्ट आणि माणूस पुसट, तर माणूस हलला. नाक पुसट आणि कान धारदार, तर फोकस चुकला. हे न बघता सेटिंग बदलत बसणं म्हणजे ताप न मोजता औषध घेणं.

दुसरी चूक घाईची. कॅमेरा डोळ्याला लावला की खटकन बटण. यंत्रणा जागी होऊन स्थिरावायला साधारण अर्धा ते एक सेकंद लागतो. बटण अर्धं दाबा, व्ह्यूफाइंडरमधलं चित्र तरंगायचं थांबून जागेवर बसलेलं बघा, मग उरलेलं दाबा. मोठ्या टेलिफोटोवर हे बसणं डोळ्यांना स्पष्ट दिसतं. डावा तळवा लेन्सखाली, कोपरं बरगड्यांना टेकलेली, श्वास सोडून झाल्यावर बोट हळूच दाबायचं. शटर हळू असेल तर तीन-चार फोटो सलग घ्या. पहिला बोटाच्या दाबाने आणि शेवटचा बोट उचलल्याने हलतो, मधला बहुधा सर्वांत धारदार निघतो. हा अर्धा सेकंद ज्याला जड जातो, त्याने महागड्या स्टॅबिलायझेशनवर पैसे घालू नयेत.

जुन्या मॅन्युअल लेन्सचा गोंधळ मात्र नीट समजून घ्यायला हवा, कारण यात यंत्रणा बंद असण्यापेक्षा चालू असल्याने नुकसान होतं. सेन्सर सरकवणाऱ्या कॅमेऱ्याला लेन्सची फोकल लेन्थ माहीत असावी लागते. हात तितकाच हलला तरी ५० एमएमवर चित्र सेन्सरवर जितकं सरकतं, त्याच्या २.७ पट १३५ एमएमवर सरकतं. आधुनिक लेन्स हा आकडा स्वतः सांगते. चिप नसलेल्या अडॅप्टरवरची (लेन्स कॅमेऱ्याला बसवणाऱ्या जोडकड्यावरची) जुनी लेन्स काहीच सांगत नाही, तो मेनूमध्ये आपणच भरायचा असतो. आता समजा, काल १३५ ची लेन्स लावली होती आणि आज ५० ची चढवली, पण मेनूत १३५ तसंच राहिलं. कॅमेरा गरजेच्या २.७ पट दुरुस्ती करतो. एक पट कंप रद्द होतो आणि उरलेली १.७ पट चूक उलट दिशेला फोटोत उतरते. म्हणजे स्टॅबिलायझेशन बंद ठेवलं असतं तर फोटो बरा आला असता. उलट चूक, १३५ ची लेन्स आणि मेनूत ५०, कमी घातक: कंपाचा साधारण ३७ टक्के भाग तरी निघतो.

भरायचा तो लेन्सवर कोरलेला आकडा. क्रॉप फॅक्टरने (लहान सेन्सरसाठी वापरतात त्या गुणकाने) गुणू नका, ५० ची लेन्स एपीएस-सी या लहान सेन्सरवरही ५० च. टेलिकन्व्हर्टर (फोकल लेन्थ वाढवणारी जोडलेन्स) लावला असेल तर मात्र १.४ किंवा २ ने गुणा. मॅन्युअल झूम सतत फिरवत असाल तर लहान टोकाचा आकडा ठेवलेला बरा. लेन्सच्या मागच्या झाकणावर चिकटपट्टी लावून त्यावर मोठ्या अक्षरात आकडा लिहा. लेन्स लावताना झाकण हातात येतं, तेव्हाच मेनू उघडायचा.

बाकीच्या चुका थोडक्यात. घट्ट ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन बंद करा. काही नव्या लेन्सना ट्रायपॉड आपोआप कळतो, पण काही सेकंदांच्या एक्स्पोजरला त्या भरवशावर राहू नका. क्लॅम्प आवळला की लगेच स्टॅबिलायझेशनचं बटण बंद, आणि सोडवला की पुन्हा चालू, अशी हाताला सवय लावा. मोनोपॉडवर (एका पायाच्या स्टँडवर) चालू असू द्या.

पॅनिंग करताना, म्हणजे पळत्या वस्तूबरोबर कॅमेरा फिरवताना, आडव्या हालचालीला न अडवणारा मोड निवडा, कॅननच्या बऱ्याच लेन्सवर तो मोड २ असतो. शटर १/३० ते १/६०.

मॅक्रोत (अगदी जवळून काढलेल्या फोटोत) एकास एक मोठेपणाला, म्हणजे वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराएवढी उमटते तेव्हा, पूर्ण स्टॉपची अपेक्षा धरू नका. तिथे कॅमेऱ्याचं पुढेमागे डोलणं फोकसच हलवतं, त्यावर स्टॅबिलायझेशनकडे इलाज नाही.

मिररलेसवर (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यावर) १/६० ते १/२०० च्या दरम्यान विनाकारण दुहेरी कडा दिसल्या तर तो शटरच्या पडद्याचा धक्का असू शकतो. इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन (शटरचा पहिला पडदा न हलवता एक्स्पोजर सुरू करणारी सेटिंग) लावून पुन्हा काढून बघा.

व्हिडिओचं इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझेशन फोटोच्या कामाचं नाही. ते फ्रेम जुळवतं, एका फ्रेममधला पुसटपणा काढत नाही. आणि लेन्समधला घरघराट थांबायच्या आत लेन्स काढू नका.

आपली खरी मर्यादा एकदा मोजून ठेवा. भिंतीवर छापील कागद लावा, २०० एमएमवर १/२००, १/१००, १/५०, १/२५ आणि १/१३ ला प्रत्येकी दहा फोटो घ्या. दहापैकी आठ फोटोंत बारीक अक्षर वाचता आलं तो शटर स्पीड तुमचा. मग दोन मजले चढून या आणि धाप लागलेली असतानाच तेच पन्नास फोटो पुन्हा काढा. दोन्ही आकडे लिहून कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवा.