कायमचं राहायला फिफ्थ व्हील घेताय? आधी स्टिकर वाचा, मग सोफा बघा

आम्ही दोघं आता चौथं वर्ष फिफ्थ व्हीलमध्येच (पिकअप ट्रकला जोडून ओढायचं चाकांवरचं घर) राहतोय, अमेरिकाभर फिरत, आणि "कुठलं मॉडेल घेऊ" असं कोणी विचारलं की मी आधी उलटं विचारतो, ट्रक कुठला आहे? कारण डीलरकडे गेलं की सगळे तेच करतात जे आम्ही केलं, म्हणजे आत शिरल्या शिरल्या किचन आयलंड, फायरप्लेस, रिक्लायनर बघून विरघळायचं आणि वजनाचं नंतर बघू म्हणायचं. ते नंतर फार महागात पडतं.

फिफ्थ व्हीलचा हिच, म्हणजे ट्रेलर अडकवायची जोडणी, ट्रकच्या बेडमध्ये, म्हणजे मागच्या उघड्या हौद्यात, साधारण मागच्या अ‍ॅक्सलच्या वर बसतो आणि ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण पाचवा हिस्सा किंगपिनमधून, म्हणजे हिचमध्ये बसणाऱ्या ट्रेलरच्या खुंटीतून, थेट ट्रकवर येतो. त्यामुळे ट्रक किती ओढू शकतो हा जाहिरातीतला मोठा आकडा सोडून द्या, बहुतेक वेळा आधी संपतो तो पेलोड, म्हणजे ट्रकने स्वतःवर पेलायच्या वजनाची मर्यादा. ड्रायव्हरचं दार उघडा, चौकटीवर पिवळ्या रंगाचा स्टिकर असतो, माणसं आणि सामान मिळून इतक्या पाउंडांच्या वर जाऊ नका असं लिहिलेलं, तो आकडा तुमच्याच ट्रकचा असतो, ब्रोशरमधला नाही.

आता हिशोब करा. ट्रेलरचा जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे भरलेल्या गाडीची कमाल मर्यादा, १४,००० पाउंड धरा. त्याचे २० टक्के म्हणजे २,८०० पाउंड पिन वेट, म्हणजे किंगपिनवरचं वजन. वर तुम्ही दोघं ३३० पाउंड, हिच १५०, कुत्रा आणि मागच्या सीटवरचा पसारा १००, झाले ३,३८०. डिझेल थ्री-क्वार्टर टन (मधल्या ताकदीच्या) ट्रकचा स्टिकर बऱ्याचदा २,५०० च्या आतच असतो, म्हणजे विषयच संपला. एवढ्या ट्रेलरला त्याच्या वरच्या वर्गातला वन-टन पाहिजे, आणि त्याहून मोठा घ्यायचा तर मागे चार चाकं असलेला डुअली. सेल्समन म्हणेल की ब्रोशरमध्ये पिन वेट २,१०० च लिहिलंय, पण ते रिकाम्या ट्रेलरचं असतं आणि राहणारा माणूस बेडरूमचं कपाट न् पुढची स्टोरेज गच्च भरतो, त्यातलं बरंचसं वजन पिनवरच जातं. आणि शॉर्ट बेड ट्रक असेल तर वळताना ट्रेलरचा कोपरा केबिनच्या काचेला लागू नये म्हणून मागे सरकणाऱ्या स्लायडर हिचचंही आधीच बघून ठेवा.

मग दुसरा स्टिकर, ट्रेलरच्या दाराजवळचा. कार्गो किती भरता येईल ते त्यावर असतं. दोन आठवड्यांच्या सुट्टीला १,५०० पाउंड पुष्कळ झाले पण इथे तुमचं अख्खं घर जायचंय, थंडीचे कपडे, हत्यारं, पुस्तकं, लोखंडी तवे, वॉशिंग मशीन. शिवाय पाणी, एक गॅलन ८.३ पाउंड, ६० गॅलनची टाकी भरली की ५०० पाउंड तिथेच गेले. माझ्या मते पूर्णवेळ राहायला ३,००० च्या खाली बघूच नका. आम्ही पहिल्यांदा ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर, म्हणजे वजनकाट्यावर, गाडी चढवली तेव्हा मर्यादेच्या ४०० पाउंड वर होतो, आणि आम्ही स्वतःला कमी सामानवाले समजत होतो!

लेआउट बघताना सगळे स्लाइड, म्हणजे थांबल्यावर बाहेर सरकणारे खोल्यांचे भाग, बंद करायला सांगा. खरंच सांगा, ते कुरकुरतील, करू देत. रस्त्यात थांबून बाथरूमला जाता येतं का, फ्रिज उघडतो का, बेडपर्यंत पोचता येतं का? कित्येक मॉडेलमध्ये फ्रिजचं दार समोरच्या काउंटरला अडतं. मग स्लाइड उघडून अर्धा तास नुसतं बसा, एकाने पलंगावर पडायचं, दुसऱ्याने फोनवर बोलायचं, पावसाळी दिवस चार भिंतीत काढायचा असला तर कसं वाटेल ते तेव्हाच कळतं.

वीज ५० अँपचीच घ्या. ३० अँपवर एकूण ३,६०० वॉट मिळतात, ५० वर १२,०००, त्यामुळे दोन एसी आणि मायक्रोवेव्ह एकदम चालतात. टाक्यांमध्ये ग्रे टँक मोठा बघा, भांडी न् आंघोळीचं पाणी त्यातच जातं आणि संडासाच्या ब्लॅक टँकच्या कितीतरी आधी तो भरतो. "फोर सीझन" हा शब्द कोणीही चिकटवतं, त्याला कुठली ठराविक व्याख्या नाही, तुम्ही खाली वाकून बघा की ट्रेलरचं पोट बंद आहे का, फर्नेसची गरम हवा टाक्यांपर्यंत जाते का, टाक्या रिकाम्या करायचे डंप व्हॉल्व्ह उघड्यावर तर नाहीत ना.

जुना घेत असाल तर पाणी हाच खरा शत्रू. शिडी लावून छतावर चढा, व्हेंट आणि कडांचं सीलंट तडकलंय का बघा, बाहेरच्या भिंतीवर तिरक्या उजेडात फुगवटा दिसला तर आतला थर सुटलाय, तिथूनच परत फिरा. टायरच्या कडेला डॉट कोडचे शेवटचे चार आकडे वाचा, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. नक्षी नवी दिसत असली तरी सहा-सात वर्षांचे टायर बदलायचेच, किमतीतून तेवढे पैसे कमी करून मागा.

लांबीचा मोह आवरा. ४२ फुटांत राहायला मस्त वाटतं पण नॅशनल पार्कमधल्या जुन्या कॅम्पग्राउंडमध्ये बऱ्याच जागा त्याच्या निम्म्याच असतात.

कागदपत्रांत वॉरंटी नीट वाचा, बऱ्याच कंपन्या पूर्णवेळ राहिल्यास वॉरंटी नाही असं बारीक अक्षरात लिहितात. इन्शुरन्सही फुल-टायमरवालाच घ्या, साध्या पॉलिसीत घर म्हणून वापर धरत नाहीत. लायसन्सचंही तुमच्या राज्यात विचारा, कॅलिफोर्नियात १५,००० पाउंडांवरच्या फिफ्थ व्हीलला नॉन-कमर्शियल क्लास ए लागतं.

आणि ताबा घेतल्यावर लगेच लांब पळू नका, पहिल्या दोन रात्री डीलरच्या जवळपासच काढा, सगळे नळ, फर्नेस, गीझर, स्लाइड चालवून बघा. आमच्या शॉवरखालचा पाइप जोडलेलाच नव्हता, पहिल्याच आंघोळीचं पाणी खालच्या स्टोरेजमध्ये गेलं. डीलर सहा मैलांवर होता म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काम झालं.