जुन्या ट्रॅक्टरचं पॉवर स्टिअरिंग ऑइल : या चुका टाळा, नाहीतर पंप जाईल

जुन्या ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगमध्ये कुठलं ऑइल टाकू असं कुणी विचारलं की लोक लगेच एखादा ब्रँड सांगून मोकळे होतात आणि खरा घोळ इथूनच सुरू होतो, कारण जुन्या ट्रॅक्टरांसाठी "पॉवर स्टिअरिंग ऑइल" नावाचं एकच तेल नाहीये. आधी बघायचं ते हे की आपल्या ट्रॅक्टरचं स्टिअरिंग तेल घेतं कुठून. एक प्रकार म्हणजे स्टिअरिंगच्या पंपाला स्वतःची छोटी टाकी, पंपावरच बसवलेली किंवा बाजूला, तिला वेगळं झाकण आणि बऱ्याचदा आत फिल्टर किंवा जाळी. दुसरा प्रकार म्हणजे वेगळी टाकी नाहीच, गिअरबॉक्स, लिफ्ट आणि ऑइल ब्रेकला (तेलात बुडालेल्या प्लेटांचे ब्रेक) जे तेल आहे तेच पाइपातून स्टिअरिंगला येतं. हे ओळखणं अवघड नाही, पंपाला येणारा जाड पाइप (सक्शनचा) हाताने धरून मागे मागे जा, तो जिथे पोचतो तिथलं तेल स्टिअरिंगला लागतं.

एवढं एक काम न करता कॅन आणून ओतणे ही पहिली आणि सगळ्यात महाग चूक.

वेगळी टाकी असेल तर

अशा बऱ्याच ट्रॅक्टरांना कंपनीने एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लाल तेल, सांगितलेलं असतं, काहींना साधं हायड्रॉलिक ऑइल, आणि हो, काही जुन्या मॅन्युअलमध्ये चक्क पातळ इंजिन ऑइलही लिहिलेलं सापडतं. त्यामुळे मॅन्युअल मिळालं तर तेच खरं. एटीएफमध्ये डेक्सरॉन घ्यायचं का टाइप एफ यावर लोक फार भांडतात. त्या दोघांतला मुख्य फरक आहे तो क्लच प्लेटांच्या घर्षणाचा, आणि वेगळ्या टाकीच्या स्टिअरिंगमध्ये क्लच प्लेटा नसतातच, मग तिथे जास्त महत्त्वाचा ठरतो जाडपणा. डेक्सरॉन ३ च्या वर्गातलं तेल ४० अंश सेल्सिअसला साधारण ३५ सेंटीस्टोकच्या (तेलाचा जाडपणा मोजायचं माप) आसपास असतं, म्हणजे आयएसओ ३२ हायड्रॉलिक ऑइलच्या जवळपास. डेक्सरॉन ६ त्याहून पातळ असतं. पंप नवाकोरा असेल तर हा फरक जाणवणार नाही कदाचित, पण वर्षानुवर्षं चाललेल्या, आतून घासलेल्या पंपाला पातळ तेल दिलं की गरम झाल्यावर तेल आतल्या आतच मागे गळतं, प्रेशर बनत नाही आणि दुपारपर्यंत स्टिअरिंग जड. सकाळी छान, गरम झाल्यावर जड, ही लक्षणं असतील तर आधी पातळ तेल किंवा घासलेला पंप यांच्यावर संशय घ्या. उलट झालं तर, म्हणजे थंडीत सकाळी पंप कुईं कुईं ओरडतो आणि तेल गरम झालं की गप्प बसतो, तर तेल जाड आहे किंवा सक्शनची जाळी तुंबलीये.

९० नंबरचं गिअर ऑइल "जाड आहे, गळणार नाही" म्हणून टाकणारे आहेत. नका टाकू. पंपाला ते ओढता येत नाही, आणि त्यातल्या काही तेलांमधलं गंधकाचं रसायन पितळ आणि ब्राँझच्या बुशांना खातं.

सगळ्यांचं मिळून एकच तेल असेल तर

इथे नियम पूर्ण बदलतो. इथे स्टिअरिंगपुरता विचार करून चालतच नाही, कारण त्याच तेलात गिअर फिरतात, लिफ्ट उचलते आणि ऑइल ब्रेकच्या प्लेटा बुडालेल्या असतात, आणि इथे मात्र घर्षणाचा मुद्दा खरंच मोठा आहे. एटीएफ किंवा साधं हायड्रॉलिक ऑइल ओतलं तर स्टिअरिंग कदाचित चांगलंच चालेल, पण ब्रेक मारले की करकर आवाज, थरथर, प्लेटा लवकर जाणं हे सुरू होतं, आणि माणूस ब्रेक उघडून बसतो, तेलाचा संशय कुणालाच येत नाही. या सिस्टीमला यूटीटीओ वर्गाचं तेल लागतं, म्हणजे ट्रान्समिशन, हायड्रॉलिक आणि ऑइल ब्रेक तिन्हीसाठी बनवलेलं. पण नुसतं "ट्रॅक्टर हायड्रॉलिक ऑइल" एवढं लिहिलेलं बघून घेऊ नका, कॅनच्या मागे कंपनीचे स्पेसिफिकेशन नंबर शोधा. जॉन डिअरसाठी जे२०सी, केसच्या हाय-ट्रान तेलासाठी एमएस-१२०७, फोर्ड न्यू हॉलंडसाठी एम२सी१३४-डी, मॅसी फर्ग्युसनसाठी एम११३५, एम११४३ असे. आपल्या मॅन्युअलमधला नंबर कॅनवर असला पाहिजे, साधी गोष्ट आहे.

आणि काही कॅनवर छापलेल्या ३०३ या नंबरबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण जुन्या ट्रॅक्टरवाल्यांची सगळ्यात जास्त फसगत इथे होते. ३०३ हे जॉन डिअरचं खूप जुनं तेल, त्यात स्पर्म व्हेलचं तेल असायचं आणि ते ऑइल ब्रेकला भारी मानवायचं. १९७० च्या दशकात अमेरिकेत व्हेलच्या तेलावर बंदी आली, कंपनीने ते तेल बंद केलं आणि पुढे जे२० नावाची नवीन स्पेसिफिकेशन्स आणली. म्हणजे आज ३०३ ला कुठलाही चालू दर्जा नाही, तो नंबर कुणीही छापू शकतं, आणि आत काय आहे याला काहीच धरबंध नाही. ट्रॅक्टर जुना आहे म्हणून जुना नंबरच बरा असं वाटतं माणसाला, पण ज्या कॅनवर फक्त ३०३ आहे आणि बाकी एकही स्पेसिफिकेशन नाही, तो सरळ बाजूला ठेवा, कितीही स्वस्त असला तरी.

ब्रेक ऑइल : ही चूक सुधारायला फार महाग पडते

डॉट ३, डॉट ४ वालं ब्रेक ऑइल स्टिअरिंगच्या टाकीत कधीच घालू नका, अगदी "थोडंसं टॉप अप" म्हणून सुद्धा नाही. ते ग्लायकोलचं असतं, खनिज तेलाचं नाही, आणि स्टिअरिंगमधले नायट्राइल रबराचे सील त्यासाठी बनवलेलेच नसतात. सील फुगतात, मऊ पडतात, मग पंप, सिलिंडर, वाल्व सगळीकडून गळायला लागतं. चुकून गेलं असेल आणि इंजिन चालू केलं नसेल तर चालू करूच नका, सगळं काढा, टाकी स्वच्छ करा. चालवलं असेल तर नुसतं तेल बदलून भागत नाही, सील बदलायची तयारी ठेवा.

गळती थांबवणारी जी लिक्विडं मिळतात ती पण सील मुद्दाम फुगवूनच काम करतात. काम उरकेपर्यंत वेळ मारून न्यायला ठीक, दुरुस्ती म्हणून नाही.

आत आधीच कुठलं तेल आहे हे माहीत नसेल (सेकंडहँड ट्रॅक्टरमध्ये हेच होतं) तर रंगावरून ठरवू नका. लाल एटीएफ जुनं झालं की तपकिरी होतं, आणि लाल रंगाचं हायड्रॉलिक ऑइलही असतं. वेगळी टाकी असेल तर सरळ सगळं काढून, फिल्टर बदलून नवीन भरा. धुवायला डिझेल किंवा रॉकेल घालून पंप फिरवू नका, त्यात वंगण नसल्यासारखंच असतं आणि पंपाच्या आत चरे पडतात. त्यापेक्षा रिटर्नचा (टाकीत तेल परत आणणारा) पाइप सोडून डब्यात धरा, नवीन तेल ओतत राहा आणि स्टिअरिंग हळू फिरवत जुनं बाहेर काढा, फक्त टाकी रिकामी होऊ देऊ नका.

नवीन तेल भरल्यावर हवा काढायची राहते आणि मग लोक म्हणतात तेलच खराब निघालं. पुढची चाकं जॅकवर उचला, खाली पक्का टेकू द्या, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत बऱ्याच वेळा फिरवा, लेव्हल बघा, मग इंजिन अगदी स्लो वर ठेवून तेच. टोकाला नेऊन दाबून धरू नका, तिथे रिलीफ वाल्व (जास्तीचं प्रेशर सोडणारा) उघडा राहतो आणि तेल भराभर तापतं.

तेल पांढरट दिसलं तर काचेच्या बाटलीत थोडं काढून रात्रभर ठेवा. सकाळी स्वच्छ झालं तर हवा होती, म्हणजे सक्शनचा पाइप, क्लॅम्प, ओ-रिंग आणि लेव्हल तपासा. दुधाळच राहिलं किंवा तळाला पाणी बसलं तर तेल बदलल्याशिवाय इलाज नाही, आणि पाणी शिरतंय कुठून ते शोधणं पण आलंच.

लेव्हल कमी होते पण बाहेर थेंबही नाही, असं असेल तर इंजिनची डिपस्टिक काढून बघा. पंप इंजिनच्या गिअरवर चालत असेल तर शाफ्टचा सील गेल्यावर स्टिअरिंगचं तेल गुपचूप इंजिनमध्ये जातं, इंजिन ऑइलची लेव्हल वाढत जाते आणि ऑइल पातळ होतं. अशा वेळी वरून टॉप अप करत राहणं म्हणजे इंजिनचं नुकसान. आणि ज्या ट्रॅक्टरला ऑर्बिट्रोल टाइप पूर्ण हायड्रॉलिक स्टिअरिंग आहे, म्हणजे स्टिअरिंगपासून चाकापर्यंत रॉडच नाही, तिथे तेल संपलं तर स्टिअरिंग नुसतं हातात फिरतं आणि चाकं वळतच नाहीत, म्हणून कमी लेव्हलवर रस्त्याला काढूच नका.

एवढं सगळं करूनही जडच असेल तर पुढच्या टायरची हवा, किंगपिनचं (पुढचं चाक ज्या पिनवर वळतं ती) ग्रीस, पंपाचा बेल्ट बघा, पुढे लोडर असेल तर तो उतरवून बघा. आणि गळती शोधताना चालू इंजिनवर पाइपावरून हात फिरवू नका, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा. बारीक भोकातून प्रेशरने येणारं तेल कातडी भेदून आत जातं, बाहेरून टाचणी टोचल्याएवढंच दिसतं पण आतून हात सडू शकतो, असं झालं तर दुखत नसलं तरी त्याच वेळी डॉक्टरकडे जा आणि आत हायड्रॉलिक तेल गेलंय हे स्पष्ट सांगा.