कुत्र्याला घेऊन धावायला निघताय? नागपूरकरांनो, या चुका टाळा

मार्चचा पहिला आठवडा होता. सकाळचे साडेसात वाजून गेले होते. मी आमच्या शेरूला, म्हणजे चार वर्षांच्या लॅब्राडोरला घेऊन अंबाझरीच्या बाजूने धावत होतो. तो माझ्या डाव्या पायाला लागून, शेपटी वर करून पळत होता. मला वाटलं, गडी मजेत आहे. समोरून येणाऱ्या एका वयस्कर काकांनी हात आडवा करून मला थांबवलं. म्हणाले, "भाऊ, थांबा ना जरा. त्याची जीभ पाहा. तो तुमच्यासाठी पळून राहिला, स्वतःसाठी नाही."

मी खाली पाहिलं. जीभ चमच्यासारखी रुंद होऊन बाहेर लोंबत होती, तोंडातून चिकट लाळ गळत होती आणि तरीही तो माझ्याकडे पाहत पुढच्या पावलाची वाट बघत होता. घरी आल्यावर तो दिवसभर पंजे चाटत बसला. दोन पंजांच्या गाद्यांची वरची कातडी निघाली होती. बरं व्हायला तीन आठवडे लागले.

तेव्हापासून एक गोष्ट मी प्रत्येक नव्या माणसाला सांगतो. आपण दमलो की थांबतो, कुत्रा आपण थांबेपर्यंत थांबत नाही. त्याचा उत्साह पाहून त्याची ताकद मोजायची नसते. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका या एकाच गैरसमजातून होतात.

चूक पहिली: ऋतू न पाहता सुरुवात करणे

आपल्याकडे कुत्र्यासोबत धावायला सुरुवात करण्याचे महिने ठरलेले आहेत. कोजागिरीनंतर हवा बदलते तेव्हापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. नवीन वर्षाचा संकल्प म्हणून १ जानेवारीला सुरुवात केली तरी हातात जेमतेम सहा-सात आठवडे उरतात. मार्चमध्ये 'आता तब्येत कमवू' म्हणून सुरू करणं तर सरळ चूक, आणि ती मी केलेली आहे.

कारण समजून घ्या. आपल्याला सगळ्या अंगाला घाम येतो. कुत्र्याला घाम येतो तो नावापुरता, पंजांच्या गाद्यांना. बाकी सगळी उष्णता त्याला धापा टाकून, जिभेवरच्या आणि नाका-घशातल्या ओलाव्याची वाफ करून बाहेर टाकावी लागते. त्याच्या शरीराचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, म्हणजे आजूबाजूची हवाच त्याच्या रक्तापेक्षा गरम होते. अशा हवेत शरीर थंड व्हायचं सोडून बाहेरची उष्णता आत घेतं. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक दिवसांत, तर पहाटेही हवा निवत नाही.

पाऊस पडला म्हणजे प्रश्न सुटला असंही नाही. जून-जुलैत पारा उतरतो, पण हवा दमट होते. दमट हवेत वाफ नीट होत नाही, म्हणून धापा टाकूनही अंग पुरेसं थंड होत नाही. पावसाची उघडीप पडून उकडायला लागतं ती सकाळ आपल्याला बरी वाटते, कुत्र्यासाठी ती फसवी असते.

दिवसभर कूलरसमोर झोपणाऱ्या कुत्र्याला बाहेरच्या उन्हाची सवयच नसते. ती सवय व्हायला काही आठवडे लागतात. म्हणून मार्च ते जून धावणं बंद, पहाटे सावलीतून सावकाश फिरणं चालू, असा माझा नियम आहे. तो मोडायला अजून एकही चांगलं कारण मला सापडलेलं नाही.

चूक दुसरी: 'ऊन उतरलं' म्हणून रस्ता थंड झाला असं समजणे

नागपुरात आता बहुतेक मोठे रस्ते सिमेंटचे आहेत. सिमेंट दिवसभर तापतं आणि सूर्य मावळल्यावरही बराच वेळ ती उष्णता सोडत राहतं. आपल्या पायात जाड तळव्याचा बूट असतो, म्हणून कळत नाही. संध्याकाळी सात वाजता वाऱ्याची झुळूक आली म्हणून निघालात, तरी खालचा रस्ता कढईच असतो.

तपासणी सोपी आहे. हाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवा आणि सात आकडे मोजा. हात मध्येच उचलावासा वाटला तर घरी परत या. कुत्र्याच्या पंजाची गादी चिवट असते, पण ती चामड्याची चप्पल नाही, जिवंत कातडी आहे. शक्यतो मातीची कडा धरून पळा. सेमिनरी हिल्सच्या बाजूला झाडांची सावली बरी आहे, तिथली सकाळ मला सगळ्यात आवडते. घरी आल्यावर चारही पंजे, बोटांच्या फटीसकट, रोज पाहायचे. भेग, फोड, काच, काटा, गोचीड, जे असेल ते तेव्हाच दिसतं. नखं वाढलेली असतील तर आधी कापा. लांब नखांमुळे पाऊल वाकडं पडतं.

चूक तिसरी: डॉक्टरांना न दाखवता निघणे

"आमचा तर घरात दिवसभर उड्या मारतो, त्याला काय झालंय?" हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय. घरातल्या उड्या दोन मिनिटांच्या असतात आणि मन भरलं की तो स्वतः थांबतो. अर्धा तास एका चालीने धावणं हे वेगळं काम आहे.

सुरुवात करण्यापूर्वी एकदा पशुवैद्यकांकडून हृदय, सांधे आणि वजन तपासून घ्या. आपल्या शहरात तर सेमिनरी हिल्सवर १९५८ पासूनचं पशुवैद्यक महाविद्यालय आहे. वजनाचा अंदाज घरीही घेता येतो. बरगड्यांवरून हलका हात फिरवला की बरगड्या बोटांना लागायला हव्यात. लागत नसतील तर आधी जेवण आवरा, चालवा, मग पळवा. जास्तीच्या वजनाचा भार प्रत्येक टापेला सांध्यांवर पडतो.

वयाचं तर कुणी बघतच नाही. पिल्लाच्या लांब हाडांच्या टोकाला वाढीची कूर्चा असते आणि ती पक्की होईपर्यंत कडक रस्त्यावरची धाव तिला इजा करू शकते. लहान जातींना साधारण ९ ते १२ महिने, लॅब्राडोर किंवा जर्मन शेफर्डला १५ ते १८ महिने, ग्रेट डेनसारख्या अवाढव्य जातींना जवळजवळ दोन वर्षं थांबा. तोवर मैदानात मोकळं बागडू द्या, त्याच्या मर्जीने.

पग, बुलडॉग, शिह त्झू यांसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना धावायला नेऊच नका. त्यांची श्वासाची वाट जन्मतःच अरुंद असते, धापा टाकूनही अंग पुरेसं थंड होत नाही. बॉक्सरचंही तेच. उलट आपला देशी कुत्रा या कामाला उत्तम. अंगावर केस आखूड, बांधा हलका, पाय लांब. पण देशी म्हणजे लोखंडी नव्हे, नियम त्यालाही तेच.

अजून एक. गोचीड ताप आपल्याकडे घरोघरी पाहायला मिळतो. नेहमी पट्टा पाहून नाचणारा कुत्रा आज उठायलाच कंटाळतोय, जेवण सोडलंय, हिरड्या फिक्या दिसतायत, तर त्याला आळशी ठरवू नका. त्या दिवशी धावण्याऐवजी रक्त तपासायला न्या.

चूक चौथी: पहिल्याच दिवशी आपल्या अंतरावर नेणे

तुम्ही गेली दोन वर्षं रोज पाच किलोमीटर धावत असाल, तर पाच किलोमीटर तुमचे. त्याची सुरुवात शून्यापासून. पहिले दोन आठवडे फक्त झपाझप चालणं, वीस ते तीस मिनिटं. त्यानंतर एक मिनिट हलकं धावणं, दोन मिनिटं चालणं, असं सहा-सात वेळा. आठवड्यातून तीनच दिवस, मध्ये एक-एक दिवस सुटी. दर आठवड्याला थोडं थोडं वाढवत नेलं तर दोन महिन्यांत वीस मिनिटं सलग धावण्यापर्यंत पोहोचता येतं. याहून घाई करू नका.

सुरुवातीची पाच मिनिटं त्याला वास घेऊ द्या. झाडाला नाक लावणं, मुतणं, पुन्हा नाक लावणं, हे सगळं आधी उरकलं की मग धावताना तो मध्येच थबकत नाही. निम्म्या तक्रारी एवढ्यानेच मिटतात.

चूक पाचवी: गळ्यातली साखळी आणि लांब होणारा पट्टा

गळ्याला साखळी बांधून धावलं की प्रत्येक हिसक्याला श्वासनलिकेवर दाब येतो. छातीवर इंग्रजी वाय अक्षरासारखा बसणारा हार्नेस घ्या. खांदे मोकळे हलायला हवेत आणि पट्ट्याखाली दोन बोटं जायला हवीत. दोरी साधी, दीड-दोन मीटरची. बटण दाबून लांब होणाऱ्या दोऱ्या धावताना पायात अडकतात. दोरी मनगटाला गुंडाळायची नाही, कमरेला बांधायचा पट्टा मिळतो तो बरा. तोंडाला घट्ट मुसकं बांधून तर कधीच पळवू नका, धापा टाकायला तोंड उघडं लागतं.

चूक सहावी: खाऊ घालून निघणे, पाणी न घेता निघणे

भरल्या पोटी धावण्यातला मोठा धोका म्हणजे पोट फुगून पिळा पडणे. जर्मन शेफर्ड, डॉबरमन, ग्रेट डेन अशा खोल छातीच्या कुत्र्यांना तो जास्त असतो. पोट टम्म फुगलं आणि तो ओकारी काढतोय पण काहीच बाहेर येत नाही, तर घरगुती उपाय करत बसू नका. त्याला तासाभरातही शस्त्रक्रिया लागू शकते. जेवणानंतर दोन-तीन तास धावायचं नाही, धावून आल्यावर तासभर जेवण नाही.

पाणी सोबत ठेवा आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी थोडं थोडं पाजा. तलावाचं किंवा साचलेलं हिरवट पाणी पिऊ देऊ नका. पावसाळ्यात उंदरांच्या मुतामुळे डबक्यांतून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, त्याची लस दिलीय का हेही विचारून घ्या. आणि परतीच्या वाटेवर तर्री पोह्याच्या टपरीसमोर थांबत असाल, तर त्याचं नाक जमिनीवरून वर ठेवा. पानांवरची तिखट तर्री आणि रस्त्यात टाकलेली शिजलेली हाडं, दोन्ही त्याच्या पोटाला वाईट. शिजलेल्या हाडाचे टोकदार तुकडे होतात.

आपल्या रस्त्यांवरचे धोके

संक्रांतीच्या आगेमागे नायलॉन मांजा सगळीकडे पडलेला असतो, बंदी असूनही. तो पंजाला गुंडाळला गेला की धावण्याच्या जोराने आत कापत जातो. जानेवारीत मी खिशात छोटी कात्री ठेवतो आणि झाडाझुडपांच्या कडा टाळतो. गोरेवाड्याच्या जंगलाला लागून राहणाऱ्यांनी अंधारात कुत्र्याला घेऊन निघू नये. तिथे बिबट्याचा वावर आहे आणि कुत्रा हे बिबट्याचं आवडतं भक्ष्य आहे. नीट उजाडू द्या.

मोकाट कुत्र्यांची टोळी समोर आली की पहिली चूक म्हणजे वेग वाढवणे. पळणाऱ्याच्या मागे लागणं हा त्यांचा स्वभाव आहे. चाल धरा, आपल्या कुत्र्याला स्वतःच्या दुसऱ्या बाजूला घ्या, त्यांच्या डोळ्यांत न बघता मोठा वळसा घालून निघा. ओरडू नका, दगड उचलू नका. कुत्री माजावर असेल तर ते तीन आठवडे तिला धावायला नेऊच नका. चावा झालाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा. तुम्हाला चावलं असेल तर लगेच दवाखाना गाठा. कुत्र्याला चावलं असेल, तर त्याची रेबीजची लस झालेली असली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

काही बिघडलंच तर

मध्येच बसला: उठवू नका, ओढू नका. सावलीत न्या, पाणी द्या. दहा मिनिटांनी स्वतःहून उठला तर चालत घरी. त्या दिवसाचं धावणं संपलं.

मागे पडू लागला: नेहमी पुढे असणारा कुत्रा दोरी ताणून मागे राहतोय, म्हणजे तो बोलतोय. मी शेरूचं हे बोलणं त्या सकाळी ऐकलं नव्हतं.

लंगडतोय: पंजा पाहा. काही दिसलं नाही तर दोन-तीन दिवस विश्रांती, तरीही लंगडला तर डॉक्टर. घरातली दुखण्याची गोळी देऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल ही माणसांची औषधं कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतात.

ऊन लागलं: हिरड्या लालभडक, लाळ घट्ट, चाल झोकांड्या खाणारी, कधी उलटी किंवा जुलाब. अशा वेळी आधी थंड करा, मग न्या. सावलीत घेऊन पोट, जांघा, काखा आणि पंजांवर साधं पाणी ओतत राहा आणि वारा घाला. बर्फ शोधायला धावाधाव नको, नळाचं पाणी पुरतं. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका, त्यात उष्णता कोंडते. शुद्धीवर असेल तर घोट-घोट पाणी द्या, तोंडात ओतू नका. रस्त्यात गाडीच्या खिडक्या उघड्या ठेवा किंवा एसी लावा. तो उठून शेपटी हलवायला लागला तरी दवाखान्यात न्यायचंच, कारण मूत्रपिंडावरचे आणि रक्त गोठण्यावरचे परिणाम काही तासांनी दिसतात.

शेरू आता सात वर्षांचा आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आम्ही आठवड्यातून तीनदा अडीच किलोमीटर धावतो, मी त्याच्या चालीने. त्याला घरी सोडून उरलेले किलोमीटर मी एकटा करतो.